रिझर्व्हला टाकल्यावर

माझ्या ओळखपत्रावर 'फ्लेबोटोमिस्ट' असं छापलंय, पण गोराई-मनोरीत त्या नावाने मला कुणी ओळखत नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला की पोरं ओरडतात, "रक्तवाली आली!" बोरिवलीतल्या एका लॅबसाठी मी खाडीपलीकडची घरं करते. सकाळी गाडी बोटीत चढवायची, खाडी ओलांडायची, घरं फिरायची आणि दुपारच्या आत सॅम्पलचा डबा घेऊन परत यायचं.

गाडी बाबांची, 2009 सालची, शंभर सीसीची. ते गेल्यावर आई म्हणाली, विकून टाक, स्कूटर घे. विकली नाही. आठवणीबिठवणी नंतर, आधी लिटरला साठ किलोमीटर.

गोराईच्या जेट्टीवर उभं राहिलं की समोर बोरिवलीच्या इमारती दिसतात. त्यातल्याच एका रस्त्यावर कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे, पण तिथे गाडी सकाळी टाकायची आणि संध्याकाळी न्यायची, म्हणजे माझा एक दिवस बुडाला. आणि गाडी बंद पडते ती सेंटरच्या दारात थोडीच. गोराईच्या बाजूला पंक्चरवाला मिळतो. त्याच्या पुढचं काही निघालं तर गाडी ढकलत जेट्टी गाठा, नाहीतर उत्तन-भाईंदर-दहिसर असा पंचवीस-तीस किलोमीटरचा वळसा घ्या. पहिल्या वर्षी मी तीनदा ढकलली. तिसऱ्यांदा नुसती क्लचची केबल तुटली होती, आणि केबल म्हणजे सायकलच्या ब्रेकला असते तसली तार, हे कळल्यावर स्वतःचाच राग आला.

शिकायला वेळ मिळाला तो काकूंच्या शुगरमुळे.

गोराईत एक नाखवा आहेत, त्यांच्या बायकोला डायबेटिस. महिन्यातून एकदा उपाशीपोटीचं रक्त घेतलं की काकू खायला बसतात. पहिला घास तोंडात गेला की घड्याळ सुरू, आणि बरोबर दोन तासांनी दुसरं रक्त. मधल्या वेळात मी जवळची दोन घरं उरकून त्यांच्या अंगणात येऊन बसायचे. नाखवांचा जन्म बोटीच्या डिझेल इंजिनात गेलेला. माझी गाडी बघून ते एकदा म्हणाले, "चेन लय ओरडते गो तुझी. ऐकू येत नाय तुला?"

खरंच ऐकू येत नव्हतं. म्हणजे आवाज यायचा, पण तो गाडीचाच आवाज आहे असं मी धरून चालले होते.

तिथून सुरू झालं. गाडी मेन स्टँडवर घ्यायची, न्यूट्रल करायची, चेन खालून बोटाने वर ढकलायची. इंचभर हलली तर ठीक. चाक थोडं फिरवून पुन्हा बघायचं, असं चार ठिकाणी, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी बरोबर वाटली म्हणून सैल सोडली किंवा ताणली तर दुसऱ्या जागी फसते. चेनच्या जोडाला बारीक पत्र्याची लॉकक्लिप असते, ती कशी बसवायची हे मी आता जन्मात विसरणार नाही. नाखवा म्हणाले, "मासा हाय तो. डोका फुडं, शेपूट मागं. चेन पळते तिकडं डोका." बंद टोक चेनच्या दिशेला, उघडं टोक मागे. उलटी बसली तर कशाला तरी घासून उडते.

इंजिनातलं ऑइल मोजायची काडी पुसून भोकात नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. मी इतके दिवस आटे फिरवून घट्ट बसवत होते आणि काडी खोल गेल्यामुळे ऑइल भरपूर आहे असं समजत होते. प्रत्यक्षात ते खालच्या खुणेच्याही खाली होतं. खाऱ्या हवेत केबल आतून गंजते, म्हणून वरच्या टोकाला कागदाची पुंगळी बांधून तिच्यात रात्रभर ऑइल थेंबथेंब झिरपू द्यायचं. इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढण्याआधी त्याच्या भोवतीची माती फुंकायची, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. बसवताना पाना लावायचा नाही; आधी हाताने फिरवायचा, आटे नीट धरले की मग पाना. प्लगचं नाखवांना तसं अप्रूप. "आमच्या इंजिनाला प्लगच नाय. डिझेल दाबला की आपसूक पेटतो."

हे सगळं येत होतं, म्हणूनच त्या दिवशी मी चुकले.

जुलै महिना. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, बोंबील वाळवायच्या वलांड्या रिकाम्या. सव्वाअकराला मनोरीत एका आजोबांचं रक्त घेतलं. किडनीचं दुखणं, डॉक्टरांना त्याच दिवशी पोटॅशियम हवं होतं. पोटॅशियमची नळी म्हणजे नखरेल पाहुणी. पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, बाहेर सीरममध्ये, म्हणजे रक्ताच्या पिवळ्या पाण्यात, अगदी थोडं. नळी हिसकली, पेशी फुटल्या, की आतलं बाहेर उतरतं आणि आकडा खोटा वाढतो. बर्फावर ठेवली तरी वाढतो, कारण थंडीत पेशी आतलं आत धरून ठेवू शकत नाहीत. म्हणून ती नळी मी बर्फापासून लांब, रुमालात गुंडाळून ठेवते. दोन तासांच्या आत मशीनवर फिरवून सीरम वेगळं झालं पाहिजे. म्हणजे सव्वाएक.

गोराईच्या जेट्टीवर आले तर वाऱ्यामुळे बोट बंद. कधी सुरू होईल, कुणी सांगेना. गाडी वळवली आणि उत्तनचा रस्ता धरला. पाऊस असा की हेल्मेटची काच पुसावी की उघडावी कळेना. गोराई मागे पडली आणि गाडी दोनदा गचकली. पेट्रोल कमी होतं हे माहीत होतं, मी चालत्या गाडीवरच हात खाली घालून पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला टाकला. अर्धा किलोमीटर छान पळाली. मग खोकली, फटकन आवाज केला आणि गप्प झाली.

बारा वाजायला दहा कमी. एका बाजूला ताडाची झाडं, दुसऱ्या बाजूला पाण्याने भरलेलं शेत, माणूस नाही.

टाकी हलवली, आत डुचमळल्याचा आवाज. म्हणजे पेट्रोल आहे. मग उरला प्लग! पावसात गाडी बंद पडली की प्लग, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की दुसरा विचारच आला नाही. रेनकोट डोक्यावर ताणून त्याखाली प्लग काढला. बोट भाजलं ते वेगळं. प्लग ओला होता. टोपीत घालून त्याचा आटा इंजिनाच्या धातूला टेकवला, किक मारली: निळी, स्वच्छ ठिणगी. इथे थांबायला हवं होतं. ठिणगी आहे म्हणजे प्लग सुटला. पण माझ्याकडे नवा प्लग होता, आणि नवा प्लग जवळ असला की तो लावायचा मोह आवरत नाही.

मी तो लावत असतानाच भाईंदरकडे जाणारी बस आली. ड्रायव्हरने वेग कमी केला, माझ्याकडे बघितलं. मी हाताने 'जा' म्हणून खूण केली. पाच मिनिटांचं तर काम होतं.

त्या दिवसाची खरी चूक ती. गाडी तिथेच राहिली असती तर काही बिघडलं नसतं. सॅम्पलचा डबा घेऊन मी बसमध्ये चढायला हवं होतं. हे मला कळलं ते नव्या प्लगवर वीस किका मारून झाल्यावर, आणि तोवर पुढच्या बसचा पत्ता नव्हता.

नाखवांना फोन लावला. ते इंजिनाचा कसलासा पार्ट आणायला भाऊच्या धक्क्यावर गेलेले.

"कवा बंद परली?"

"आत्ता. गोराई सोडल्यावर."

"तसा नाय. बंद परायच्या आधी काय केलंस?"

"काही नाही. रिझर्व्हला टाकली फक्त."

पलीकडे कुणीतरी हातगाडीवाला ओरडत होता. मग नाखवा म्हणाले, "पानी पेट्रोलच्या वर बसतो का खाली?"

एवढंच. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. टाकीत कॉकची एक नळी उंच असते आणि एक भोक अगदी तळाशी. 'ऑन'वर गाडी उंच नळीतून पिते, रिझर्व्हवर तळातून. तळाला पाणी साचलं असेल तर महिनाभर कळत नाही. ज्या दिवशी रिझर्व्हला टाकाल त्या दिवशी आधी पाणीच येतं. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. पाणी थोडं असेल तर त्याला पोटात घेऊन जळूनही जातं. जास्त झालं की पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. नाखवांच्या बोटीत डिझेलच्या फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असतो. निघायच्या आधी तो ढिला करून बघायची त्यांना सवय. माझ्या गाडीलाही कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, खाली तसाच स्क्रू होता आणि मी त्याला कधी हातही लावला नव्हता. (2020 नंतरच्या, प्रदूषणाच्या बीएस-6 नियमातल्या गाड्यांना बहुतेक कार्ब्युरेटर नसतोच, तिथे हा उपाय चालायचा नाही.)

पेट्रोल कशात धरायचं? बॅगेत लघवीच्या तपासणीचे पारदर्शक डबे होते. एक उघडला, कार्ब्युरेटरच्या रबरी नळीखाली धरला, कॉक बंद केला आणि स्क्रू ड्रायव्हरने दोन आटे ढिले केले. पेलाभरही नाही, दोन-तीन चमचेच आलं. डबा उचलून उजेडाकडे धरला.

वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ पाण्याचा थर, मध्ये सुरीने कापावी तशी रेघ.

मी दिवसाला चाळीस-पन्नास नळ्या अशा बघते. मशीनमधून काढली की वर पिवळं सीरम, खाली लाल पेशी, मध्ये जेलची भिंत. थर बघणं हेच माझं काम. आणि हे तळाचं पाणी गाडीत किती आठवडे बसून होतं कोण जाणे. त्या कार्ब्युरेटरच्या वाटीतही जेट, म्हणजे पेट्रोल ओढणारं बारीक भोक, तळाशी बुडालेला असतो, म्हणून चमचाभर पाणीसुद्धा गाडी बंद पाडायला पुरतं.

नुसती वाटी रिकामी करून भागणार नव्हतं, टाकीतून परत तेच आलं असतं. कार्ब्युरेटरकडची पेट्रोलची नळी काढून पाण्याच्या बाटलीत सोडली, कॉक रिझर्व्हला, आणि थर दिसेनासा होईपर्यंत वाहू दिलं. अर्धी बाटली गेली. साठ किलोमीटरच्या हिशेबाने जीव तुटत होता. ती बाटली तिथेच शेतात ओतून टाकावी असं क्षणभर वाटलं, पण शेतातल्या पाण्यात बेडूक ओरडत होते, म्हणून बूच लावून बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात खोचली. नळी जोडली, वाटी भरू दिली, परत एकदा रिकामी केली. चोक ओढला. पहिल्या दहा किकांना नुसतं खोकणं. अकराव्या किकेला पेटली, पण इतक्या दबक्या आवाजात की मी अ‍ॅक्सिलरेटर सोडायलाच घाबरले.

एक वाजायला दहा.

पुढचं सांगण्यासारखं नाही. भाईंदरचं फाटक, ट्रॅफिक, दहिसर, सगळीकडे पाणी. दोनला पाच कमी असताना लॅबच्या काउंटरवर डबा ठेवला. बाकी सगळी सॅम्पल घेतली. शुगरच्या नळीत फ्लुओराइड असतं, तिला उशीर चालतो. पोटॅशियमची नळी मॅडमनी उचलली, लेबलवरची वेळ बघितली आणि रद्दच्या ट्रेमध्ये ठेवली. "बसने का नाही आलीस?" एवढंच विचारलं. मी प्लग म्हणाले, मग पाणी म्हणाले, मग गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी बोट सुरू होती. पहाटे मनोरीत आजोबांना परत टोचलं. ते म्हणाले, "काल पण काढलंस ना?" मी म्हटलं, "गाडी बंद पडली आजोबा." त्यांनी दुसरा हात पुढे केला.

पाणी शिरलं कुठून, याचा शोध त्याच आठवड्यात नाखवांच्या अंगणात लागला. टाकीच्या झाकणाखालचं रबर उन्हापावसाने दगड झालेलं, त्याला नखाएवढी चीर. मी म्हटलं, जुन्या ट्यूबचं रबर कापून घालू. नाखवांनी मान हलवली. "ट्यूबचा रबर पेट्रोलात फुगतो. दुकानातला आण." बोरिवलीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तो आणायला गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मॅडम, मेकॅनिकला पाठवा, तो बरोबर घेऊन जाईल. मी जुना तुकडा काउंटरवर ठेवला आणि याच्या मापाचं दे म्हटलं.

नवं रबर बसवलं तेव्हा काकूंचे दोन तास भरत आले होते. नाखवांनी झाकणावर तांब्याभर पाणी ओतलं, थोडं थांबले, फडक्याने वरचं पाणी टिपून झाकण उघडलं आणि आतल्या कडेवरून बोट फिरवलं. बोट कोरडं.

साबणाने दोनदा हात धुतले, ग्लोव्हज चढवले, पट्टा बांधला. काकूंनी नाक मुरडलं.

"पेट्रोलच्या वासानं शुगर वाढंल का गो?"