तीन नंबरच्या स्लॉटमधली डिस्क बदलून घेताना : माझा अनुभव

एक डिस्क बदलून घ्यायला मला १९ दिवस लागले. प्रत्यक्ष तपासणी एका दुपारची होती. बाकीचे जवळजवळ सगळे दिवस ती डिस्क खराब होत चालली आहे हे सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट विभागाला पटवण्यात गेले. आता नवी डिस्क बसून महिना झाला, तरी तो पत्रव्यवहार आठवला की चीड येते. हार्डवेअर रेड कंट्रोलरमागच्या, म्हणजे अनेक डिस्क जोडून त्यांचा एकच साठा करणाऱ्या कार्डामागच्या, डिस्क सांभाळणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आमच्याकडे व्हर्च्युअलायझेशनचे, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे (व्हीएम) चालवणारे, तीन सर्व्हर आहेत. त्यासाठी दोनांवर प्रॉक्समॉक्स हे सॉफ्टवेअर चालते, एकावर ईएसएक्सआय. ज्या सर्व्हरची ही हकिगत आहे, त्यात मेगारेड जातीच्या कंट्रोलरमागे ४ टीबीच्या, साटा जोडणीच्या सहा डिस्क रेड ५ मध्ये आहेत, म्हणजे एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून डेटा पुन्हा तयार करता येईल अशा रचनेत. त्यावरच्या एका डेटाबेस व्हीएममध्ये रात्रीच्या वेळी काही सेकंद सगळे गोठायचे आणि मग आपोआप सुरळीत व्हायचे. प्रोसेसर मोकळा, मेमरी पुरेशी, फक्त डिस्कच्या उत्तराची वाट पाहण्यात वेळ जात होता. प्रॉक्समॉक्सच्या डिस्कच्या यादीत पाहिले तर तिथे एकच मोठी डिस्क होती आणि स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्या, रकान्यात ‘अननोन’ लिहिलेले होते. हे स्वाभाविकच आहे, कारण कंट्रोलर ऑपरेटिंग सिस्टिमला फक्त सगळ्या डिस्क मिळून तयार झालेला एकच साठा, म्हणजे व्हॉल्यूम, दाखवतो. त्यामागच्या सहा डिस्क तिला दिसतच नाहीत.

मग स्टोअरसीएलआय हे कंट्रोलरचे साधन चालवले. व्हॉल्यूम ‘ऑप्टिमल’, सहाही डिस्क ‘ऑनलाइन’. इथेच बहुतेक जण थांबतात, आणि मीही याआधी दोन वर्षे इथेच थांबत होतो. ‘ऑप्टिमल’ याचा अर्थ रेडची रचना पूर्ण आहे, एवढाच. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा माहितीचा छोटा तुकडा, वाचता आला नाही, तर कंट्रोलर उरलेल्या पाच डिस्कवरून ती माहिती पुन्हा तयार करतो, त्याच जागी लिहून टाकतो आणि व्हीएमला बरोबर उत्तर देतो, फक्त उशिरा. त्यामुळे एखादी डिस्क आतून पोखरली जात असली, तरी वरची पाटी महिनोन्महिने बदलत नाही.

प्रत्येक डिस्कला स्वतंत्रपणे विचारायचे, तर स्मार्टची नोंद वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल या साधनाला उपकरणाचा प्रकार म्हणून ‘मेगारेड’, स्वल्पविराम आणि डिस्कचा क्रमांक द्यावा लागतो. साटा डिस्क असेल तर कधी कधी त्याआधी ‘सॅट’ आणि अधिकचे चिन्हही लागते. मी शून्यापासून पाचपर्यंतचे क्रमांक दिले आणि एकाचेही उत्तर आले नाही. यात माझा तासभर गेला. हा क्रमांक स्लॉटचा नसतो, कंट्रोलरने डिस्कला दिलेल्या डिव्हाइस आयडीचा असतो, आणि तो स्टोअरसीएलआयच्या यादीत ‘डीआयडी’ या रकान्यात सापडतो. माझ्याकडे तो ८ ते १३ होता. एन्क्लोजर (डिस्क बसवण्याची चौकट) ३२, स्लॉट ३ मधली डिस्क म्हणजे ११. कंट्रोलरच्या इव्हेंट लॉगमध्ये हीच डिस्क हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) नोंदवलेली असते, म्हणजे ११ च्या जागी ‘शून्य-बी’ आणि एन्क्लोजर ३२ च्या जागी ‘२०’. एकाच डिस्कची अशी तीन नावे डोळ्यांसमोर असताना चुकीची डिस्क उपसली जाणे अवघड नाही, आणि रेड ५ मध्ये त्या चुकीची किंमत सगळा डेटा असू शकते. म्हणून मी फक्त सीरियल नंबरवर विश्वास ठेवला: स्मार्टसीटीएलमधला, स्टोअरसीएलआयमधला आणि शेवटी डिस्कच्या लेबलवरचा, तिन्ही जुळले तरच पुढे जायचे.

११ क्रमांकाच्या डिस्कने सगळे उघड केले. स्मार्टच्या ५ व्या गुणधर्मात, म्हणजे बदलून घेतलेल्या सेक्टरांच्या संख्येत, ८ होते आणि १९७ व्या गुणधर्मात, म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णय बाकी असलेल्या सेक्टरांत, २४. बाकी पाच डिस्कमध्ये दोन्हीकडे शून्य. इव्हेंट लॉगमध्ये त्याच डिस्कच्या नावावर ‘३/११/००’ हा सेन्स कोड (डिस्कने कळवलेल्या त्रुटीचा क्रमांक) पुनःपुन्हा उमटलेला होता. त्याचा अर्थ मीडियम एरर, सेक्टर वाचता आला नाही. त्या नोंदींच्या वेळा आणि व्हीएम गोठल्याच्या वेळा सेकंदांच्या फरकाने जुळत होत्या. माझ्या दृष्टीने निदान पूर्ण झाले होते. सर्व्हर वॉरंटीत होता, म्हणून त्याच संध्याकाळी तिकीट नोंदवले.

पहिले उत्तर तिसऱ्या दिवशी आले: कंट्रोलरचा पूर्ण लॉग पाठवा. तो मी तिकिटासोबतच जोडला होता. पुन्हा पाठवला. पाचव्या दिवशी दुसरे उत्तर आले, आणि हेच वाक्य पुढे प्रत्येक पत्रात येत राहिले: प्रेडिक्टिव्ह फेल्युअर काउंट (डिस्क निकामी होणार असल्याच्या इशाऱ्यांची संख्या) शून्य आहे, डिस्कने स्मार्टचा इशारा दिलेला नाही, त्यामुळे डिस्क बदलीच्या निकषांत बसत नाही. त्याच माहितीत दोन ओळी वर मीडिया एरर काउंट १७ होता. त्याबद्दल एक शब्दही नव्हता.

हा इशारा कशाच्या आधारावर दिला जातो, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. स्मार्टच्या प्रत्येक गुणधर्माला एक कच्चा आकडा असतो आणि त्यावरून डिस्कनेच काढलेले एक मूल्य असते. ते मूल्य उत्पादकाने ठरवलेल्या उंबरठ्याइतके किंवा त्याखाली घसरले, तरच डिस्क स्वतःला ‘नापास’ म्हणते. माझ्या डिस्कच्या ५ व्या गुणधर्मात कच्चा आकडा ८ असूनही मूल्य १०० वरच होते आणि उंबरठा १० होता. १९७ व्या गुणधर्माचा उंबरठा तर शून्य होता, म्हणजे त्या बाजूने ती डिस्क कधी नापास होणेच शक्य नव्हते. तेव्हा ‘पास’ हा शब्द वाचून निश्चिंत होऊ नका. कच्चे आकडे पाहा आणि ते वाढत आहेत का, ते पाहा. हे सगळे मी पत्रात लिहिले. २००७ साली गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पहिली स्कॅन एरर (डिस्कने स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) आल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता अशी एरर नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट अधिक असते, असे त्यात आढळले होते. तेही लिहिले.

आठव्या दिवशी उत्तर आले की आधी कंट्रोलरचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, त्यानंतरच पुढचा विचार होईल. यासाठी ११ व्हीएम दुसऱ्या सर्व्हरवर हलवाव्या लागल्या आणि शनिवारची रात्र गेली. मी ते केले, कारण नकाराला आणखी एक कारण मला द्यायचे नव्हते. रविवारी सकाळी नव्याने अहवाल काढला आणि पाहतो तर १९७ व्या गुणधर्मात शून्य! क्षणभर माझाच स्वतःवरचा विश्वास डळमळला. मग ५ व्या गुणधर्माकडे लक्ष गेले. तिथे ८ चे ३२ झाले होते. पॅट्रोल रीड नावाचे कंट्रोलरचे एक काम असते, जे साधारणपणे दर १६८ तासांनी, म्हणजे आठवड्यातून एकदा, सगळ्या डिस्क वाचून काढते आणि सापडलेले खराब सेक्टर दुरुस्त करते. आमच्याकडे ते त्याच रात्री चालले होते. बाकी असलेले २४ सेक्टर त्याने पुन्हा लिहिले आणि डिस्कने त्यांची जागा राखीव सेक्टरांना दिली. म्हणजे २४ जखमा बऱ्या झाल्या नव्हत्या, झाकल्या गेल्या होत्या.

सपोर्ट विभागाने यातला फक्त शून्य उचलला. ‘ताज्या अहवालानुसार समस्या राहिलेली नाही, कृपया निरीक्षण करत राहा’ असे लिहून त्यांनी अकराव्या दिवशी तिकीट बंद केले. त्या दिवशी मला खरोखर संताप आला. रेड ५ मध्ये एक डिस्क गेल्यावर रिबिल्डसाठी, म्हणजे तिचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा तयार करण्यासाठी, उरलेल्या पाचही डिस्क शेवटपर्यंत वाचता याव्या लागतात. वेगळीच एखादी डिस्क बंद पडली असती आणि ही ११ क्रमांकाची डिस्क रिबिल्डच्या मध्येच सेक्टर वाचू शकली नसती, तर तो तुकडा कुठूनही परत मिळाला नसता. ‘निरीक्षण करत राहा’ म्हणणाऱ्याला यातले काहीच सोसावे लागत नाही.

शेवटी मार्ग निघाला तो डिस्कच्या स्वतःच्या लाँग सेल्फ टेस्टमुळे. यात डिस्क स्वतःला पूर्ण वाचून पाहते. ही चाचणी स्मार्टसीटीएलमधून कंट्रोलरच्या आरपार सुरू करता येते, व्हीएम बंद करावे लागत नाहीत, आणि तिचा निकाल डिस्कच्या स्वतःच्या लॉगमध्ये राहतो. मी पुढच्या पॅट्रोल रीडची वाट न पाहता, १९७ पुन्हा ६ वर गेलेले दिसताच, गुरुवारी रात्री ती सुरू केली. दुसऱ्या दिवशी लॉगच्या पहिल्याच ओळीत ‘कम्प्लीटेड: रीड फेल्युअर’ आणि पहिल्या न वाचलेल्या सेक्टरचा पत्ता होता. ती ओळ, सीरियल नंबर आणि तारीखवार ठेवलेले सगळे स्मार्ट अहवाल जोडून तिकीट पुन्हा उघडले. चार तासांत बदलीला मंजुरी आली. पहिल्याच दिवशी ही चाचणी चालवायला कोणी सांगितले असते, तर दोन आठवडे वाचले असते. त्यांच्या यादीत हा निकष होता, पण तो त्यांनी कधी उच्चारला नाही. तुम्ही मात्र तिकीट नोंदवण्याआधीच लाँग टेस्ट पूर्ण करा आणि पहिल्या पत्रातच निकाल जोडा. साटा डिस्कला किती मिनिटे लागतील याचा अंदाज ती स्वतःच देते, पण व्हीएमचा भार असताना त्याहून बराच अधिक वेळ लागतो.

नवी डिस्क आल्यावरचे काम सरळ होते. आधी सगळ्या व्हीएमचे बॅकअप घेतले आणि त्यातला एक प्रत्यक्ष परत उभा करून पाहिला. स्टोअरसीएलआयमधून स्लॉट ३ चा दिवा लुकलुकवला, डिस्क आधी ऑफलाइन आणि मग मिसिंग केली, बाहेर काढून लेबलवरचा नंबर वाचला आणि मगच नवी बसवली. रिबिल्ड २१ तास चालले. ते पूर्ण झाल्याचे पाहिले तेव्हा कित्येक दिवसांनी खांदे सैल झाले.

आधी सांगायचे राहिले: व्हीएम संथ वाटू लागले की डिस्कच्या मागे लागण्यापूर्वी कंट्रोलरच्या बॅटरीची स्थिती पाहून घ्या. बॅटरी अशक्त झाली की बरेच कंट्रोलर राइट-बॅक (आधी स्वतःच्या मेमरीत लिहिणे) सोडून राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर लिहिण्यावर) जातात आणि सगळेच लिखाण मंदावते. माझ्याकडे फक्त वाचनच अडत होते, म्हणून हा संशय लवकर मिटला.

ईएसएक्सआयवर मात्र स्मार्टची अंगभूत आज्ञा रेड व्हॉल्यूमसाठी जवळजवळ सगळ्या रकान्यांत ‘लागू नाही’ एवढेच दाखवते. तिथे स्टोअरसीएलआयचे व्हीआयबी (ईएसएक्सआयसाठीचे) पॅकेज बसवावे लागते आणि बसवताना फाइलचा पूर्ण मार्ग द्यावा लागतो. तिथे माझे काम सध्या मीडिया एरर काउंट आणि इव्हेंट लॉगवर चालते. एचपीच्या स्मार्ट ॲरे जातीच्या कंट्रोलरसाठी साधन एसएसएसीएलआय हे आहे आणि स्मार्टसीटीएलमध्ये ‘मेगारेड’च्या जागी ‘सीसीआयएसएस’ लिहायचे.

प्रॉक्समॉक्सच्या दोन्ही सर्व्हरांवर आता स्मार्टडी हा स्मार्टवर सतत लक्ष ठेवणारा प्रोग्राम प्रत्येक डिस्कसाठी वेगळी ओळ लिहून चालवतो आहे. त्याच्या आपोआप शोधावर मी विसंबलो नाही, डीआयडी हातानेच लिहिले. लाँग टेस्ट शुक्रवारी रात्री, पॅट्रोल रीडच्या एक दिवस आधी, होते, आणि १९७ शून्याच्या वर गेला की मेल येतो. डिस्क बदलल्यावर या ओळी तपासायला विसरू नका. माझ्याकडे नव्या डिस्कला कंट्रोलरने १४ हा क्रमांक दिला, आणि ती ओळ दुरुस्त करेपर्यंत स्मार्टडी नसलेल्या ११ लाच विचारत राहिला होता.