तुराटीची कंबर

टेलरबाईनं टेप गळ्यात टाकला, वहीत छाती ३२, कंबर २९, सीट ३३ असे तीन आकडे एकाखाली एक लिहिले आणि त्यांच्याकडे जरा वेळ बघत बसली. "ताई, हे तर सरळच उतरून राह्यलं," असं म्हणून तिनं पुन्हा मोजलं. आकडे तेच आले.

मला त्याचं नवल नव्हतं. माहेरी माझं नावच तुराटी. आमच्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर तूर लावतात. शेंगा झोडून झाल्यावर उरते ती काडी, म्हणजे मी. लग्न ठरताना सासूबाई आईला म्हणाल्या होत्या, "पोरगी चांगली हाये, थोडी भरली पायजे." वीस वर्षं झाली, अजून भरायची आहे.

भाचीचं लग्न मे महिन्यात निघालं तेव्हा ठरवलं, यंदा शरीराच्या नादी लागायचं नाही, कपड्यांनाच कामाला लावायचं. मोबाईलवर एक पट्ट्यासारखा ताणणारा परकर मागवला. वरून घट्ट, गुडघ्यापर्यंत चिकटलेला, खाली माशाच्या शेपटीसारखा घेर. आरशात खरंच बरी दिसले. मग तो घालून एका साखरपुड्याला गेले. बाहेर ऊन पंचेचाळीसच्या घरात, आणि पंगत खाली सतरंजीवर. बसायला गेले तर गुडघे उघडेनात. शेवटी दोन्ही पाय एका बाजूला काढून, नव्या नवरीसारखी तिरपी बसून जेवले. वाढणारा पोरगा तीनदा विचारून गेला, "काकू, पाय मुरगळला का?" परत येताना एसटीची पायरी तर अशी चढले की कंडक्टरनं हात दिला. तो परकर आता दिवाणात आहे.

मग ब्लाउज. टेलरबाई चार टक्स घालायला निघाली होती. कापड असतं सपाट. टक्स घालून कमरेपाशी ते चिमटीत धरायचं, म्हणजे वर आपोआप फुगवटा येतो. पण तो भरायला आत काही लागतं, नाहीतर कापडाला नुसती चोच फुटते. कटोरी ब्लाउज शिवला तर वाटी रिकामी. "कप टाकू का?" तिनं हळू आवाजात विचारलं, जशी आमच्याकडे लोक उधारी विचारतात. मी नको म्हटलं; त्या उन्हात छातीवर स्पंज कोण बांधणार! मुंढ्यातून खाली कमरेपर्यंत वळत जाणाऱ्या लांब शिवणीचा, म्हणजे प्रिन्सेस कट बरा, असं दोघींचं ठरलं.

तरी जीव भरेना. तेव्हा मामा आठवला.

आमच्या बाजूला दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, भरते, आणि मंडईत खडी गंमत होते. ढोलकीच्या तालावर उभ्यानं गायचं, नाचायचं. त्यात बाई व्हायचा तो पुरुषच. माझा मामा पंधरा-वीस वर्षं बाई झाला. दिवसा नांगर धरणारा, खांद्यानं रुंद, कमरेनं माझ्याहून सरळ माणूस. रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात आला की बायासुद्धा एकमेकींना कोपरानं ढोसत म्हणायच्या, "पाय वो, कशी चालून राह्यली!" बालगंधर्वांचं (१८८८–१९६७) नेसणं पाहून घरंदाज बायका नेसायला शिकल्या, असं सांगतात. आमच्या मंडईला गंधर्व परवडत नव्हते, पण मामा होता.

म्हातारपणी तो खाटेवर पडून असतो. मी विषय काढला तसा उठून बसला. अशा गोष्टी त्याला विचारायला आता कोणी येत नाही.

"परकराची नाडी कुठं बांधते?"

मी दाखवलं.

"तिथं कायले? बेंबीच्या दोन बोटं वर बांध. कंबर वर गेली का खालचं आपोआप मोठं दिसते."

मग खांद्यांचं सांगितलं. त्याचे रुंद, म्हणून पदर एकवट चुण्या करून न टाकता पसरून घ्यायचा, बाही कोपरापर्यंत. माझे अरुंद, तर मी उलट करायचं: चुण्या घट्ट, बाही आखूड आणि वर थोडी फुगीर. पदराची तिरपी रेघ मात्र दोघांनाही लागतेच. छातीवरून कमरेकडे नजर तिरपी गेली की सरळ अंग लपतं. उभं राहायचं ते एका पायावर भार देऊन. "दोन पायावर हवालदार उभा राह्यते," मामा म्हणाला.

सगळ्यात मोठं गुपित त्यानं दार लोटून घेऊन सांगितलं. आजीच्या जुन्या मऊ लुगड्याचे दोन घडीव बोळे परकराच्या आत बांधायचे. अगदी बाजूला नकोत, तिथं बांधले तर खिशात बटाटे ठेवल्यासारखे दिसतात. जरा मागे आणि जरा खाली. एका मंडईत गिरकी घेताना त्याचा एक बोळा सुटून मांडीपर्यंत आला होता. मामानं तिथंच लंगडायला सुरुवात केली, गाण्यातल्या गवळणीच्या पायात काटा भरला म्हणून. लोकांनी पैसे उधळले. पुढं तीन गावांत तो काटा भरायला लागला.

साडी कोणती, तेही त्यानंच ठरवलं. जॉर्जेट अंगाला चिकटतं, काडीची काडीच दाखवतं. "कोसा नेस." मोहाडी-आंधळगावकडे विणतात तो टसर, करवतीच्या दात्यांसारखे काठ असलेला. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या किड्याचा हा धागा अंगापासून जरा दूर उभा राहतो. साडेपाच मीटर कोसा, कमरेला आवळलेला आणि खाली निऱ्यांनी फुललेला, म्हणजे सीट ३३ ची ३७ तर सहज वाटते. आईची करवती पेटीत होतीच, डांबराच्या गोळ्यांचा वास मारत.

लग्नाच्या दिवशी सगळं सांगितल्याप्रमाणं केलं. नाडी दोन बोटं वर, शिवण वळणाची, पदर तिरपा आणि आजीच्या लुगड्याचे दोन बोळे. सासूबाई दोनदा वळून बघून म्हणाल्या, "आता कुठं भरली!" जाऊबाईनं टेलरबाईचा नंबर मागितला. मांडवात मी एका पायावर भार देऊन उभी राहिले, अक्षता टाकल्या, वरातीत चार पावलं नाचलेसुद्धा.

मामा खुर्चीवर बसला होता. पाया पडायला वाकले तेव्हा आशीर्वाद देत कानाशी म्हणाला, "पोट्टे, डावीकडचा घसरून राह्यला. लंगड."