‘२८ इयर्स लेटर’: झॉम्बी कमी पडले म्हणे!

आधीच सांगते, या पोस्टमध्ये स्पॉयलर आहेत, भरपूर आहेत, अगदी शेवटासकट आहेत. ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून या आणि मग भांडायला या.

२० जून २०२५ ला ‘२८ इयर्स लेटर’ हा ब्रिटिश झॉम्बी पिक्चर लागला आणि तेव्हापासून आमच्या घरात, ऑफिसात, बिल्डिंगच्या खाली, जिथे जाईन तिथे एकच वाक्य ऐकतेय, फर्स्ट हाफ भारी होता पण सेकंड हाफ स्लो झाला. मला या वाक्याचाच राग आहे खरं तर. अहो ११५ मिनिटांचा पिक्चर आहे, बनवणाऱ्याने तो सलग बनवलाय, त्याला फर्स्ट हाफ सेकंड हाफ असं काही नाहीच्चे, मध्ये पॉपकॉर्न विकायचे म्हणून आपल्याकडे तो कापतात आणि आपण बाहेर जाऊन चाळीस रुपयाची गोष्ट चारशेला घेऊन परत येऊन बसतो तोवर डोक्यातली सगळी लिंक तुटलेली असते. त्यात आम्ही बघितला तिथे इंटरव्हल असा काही नको त्या ठिकाणी मारला की मागच्या रांगेतला एकजण मोठ्याने “अरे!” म्हणाला.

आम्ही नवी मुंबईत सीवूड्सला बघितला, मी, नवरा आणि नणंदेचा मुलगा. भाचेराव इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत, म्हणजे ए सर्टिफिकेटला हरकत नाही. पिक्चर संपल्यावर खाली स्टेशनच्या बाजूला येईपर्यंत त्याची किरकिर चालू, “मामी, झॉम्बी किती कमी होते गं, ट्रेलर बघून वाटलं होतं दोन तास नुसती धुलाई असेल.” त्याला फक्त बाण लागल्यावर फ्रेम थांबून गोल फिरते ते शॉट आवडले. ते बरेचसे आयफोनवर घेतलेत, १५ प्रो मॅक्स, अर्धगोलात वीस-वीस फोन लावलेली रिग होती, हे त्याला माझ्याआधी माहीत होतं. मी म्हटलं यात नवीन काय, २००२ चा पहिला ‘२८ डेज लेटर’ पण असाच साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर केला होता, कॅनन एक्सएल१. कॅमेरे हलके, पटकन लागायचे, म्हणून तर पहाटे काही मिनिटं ट्रॅफिक अडवून लंडनचा तो रिकामा वेस्टमिन्स्टर ब्रिज त्यांना शूट करता आला. दोन्ही वेळी डिरेक्टर डॅनी बॉइल आणि कॅमेऱ्यामागे अँथनी डॉड मँटल. हाच मँटल ज्याला आपल्या मुंबईत शूट केलेल्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी ऑस्कर मिळालं. भाचा म्हणाला “हां ते ठीके, पण झॉम्बी कमीच होते.”

नवऱ्याची तक्रार वेगळी. त्याने पहिला भाग कॉलेजात असताना कुठल्यातरी पायरेटेड सीडीवर बघितलेला, हॉस्पिटलच्या कपड्यात रिकाम्या लंडनमधून चालणारा किलियन मर्फी त्याच्या मनात घर करून बसलाय, आणि इथे मर्फी नाहीच. म्हणजे निर्मात्यांच्या यादीत नाव आहे पण पडद्यावर नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रेलर आला तेव्हा गवतातून उठणारा एक हाडांचा सापळा झालेला झॉम्बी बघून अर्ध्या जगाने ठरवून टाकलं की हाच मर्फी, आमच्या घरात पण तो ट्रेलर थांबवून थांबवून बघितला गेला, आणि शेवटी ते काम करणारा माणूस निघाला एक आर्ट डीलर! नवरा अजून त्या धक्क्यात आहे.

आता माझं मत. झॉम्बी कमी आहेत कारण हा पिक्चर झॉम्बींचा नाहीचे. (आणि ते झॉम्बी पण नाहीत हो, मेलेले नाहीत, जिवंत माणसंच आहेत, रेज व्हायरस झालेली. पण जाऊदे, मीही झॉम्बीच म्हणणार.) हा पिक्चर २००२ साली बंद पडलेल्या एका देशाचा आहे. बाकी जग पुढे गेलं, ब्रिटनला मात्र सगळ्यांनी मिळून कुलूप लावलं, बाहेर समुद्रात गस्तीच्या बोटी, आत जे राहिले ते राहिले. म्हणून वाचलेले लोक ज्या बेटावर गाव करून राहतात तिथल्या हॉलमध्ये अजून तरुण राणी एलिझाबेथचा फोटो आहे. म्हणून तो स्वीडनचा सैनिक मोबाईलमध्ये आपल्या होणाऱ्या बायकोचा फोटो दाखवतो तेव्हा बेटावरच्या बारा वर्षांच्या स्पाइकला, म्हणजे पिक्चरच्या हिरोला, कळतच नाही की हिच्या चेहऱ्याला झालंय काय, ओठ असे सुजलेत कशाने! थिएटरमध्ये सगळ्यात मोठा हशा तिथे पडला, आणि बाहेर येऊन हेच लोक म्हणतात सेकंड हाफमध्ये काही नव्हतं.

शेवटाबद्दल तर बोलायलाच नको. तो ट्रॅकसूटवाला सोनेरी केसांचा जिमी आणि त्याची गँग उड्या मारत येते आणि पिक्चर संपतो, आमच्या शोला लोक अक्षरशः एकमेकांकडे बघत होते की हे काय, चुकून दुसऱ्या पिक्चरची रीळ लागली काय. भाचा म्हणाला “पॉवर रेंजर्स?” यात आपल्या प्रेक्षकांची चूक नाही, संदर्भच माहीत नसेल तर काय करणार. तो सगळा वेश जिमी सॅव्हिल नावाच्या माणसाचा आहे. ब्रिटिश टीव्हीवरचा प्रचंड लोकप्रिय माणूस, मुलांचे कार्यक्रम करायचा, हॉस्पिटलांसाठी देणग्या गोळा करायचा, सर किताब मिळालेला. २०११ साली मेला आणि पुढच्या वर्षी सगळं बाहेर आलं, लहान मुलामुलींसकट शेकडो जणांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी. आता जोडा, पिक्चरमधलं ब्रिटन २००२ लाच थांबलंय, म्हणजे त्यांच्या दुनियेत ते सगळं कधी उघड झालंच नाही! सुरुवातीला टेलिटबीज बघत बसलेला तो छोटा जिमी, त्याच्या डोक्यात टीव्हीवरचा हा काका अजून देवमाणूसच आहे आणि त्याला आदर्श मानून त्याने टोळी उभी केलीय. हे कळल्यावर माझ्या अंगावर जो काटा आला तो पळणाऱ्या झॉम्बीने नव्हता आला. भाच्याला समजावलं तर तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, “पण मग हे पिक्चरमध्ये सांगायचं ना.” तेही खरंच आहे म्हणा.

सगळ्यात मजेशीर रिव्ह्यू मात्र मला ऑफिसात मिळाला. माझ्या शेजारच्या डेस्कवरचा मित्र दिवाळे गावचा, कोळी, वडिलांची होडी अजून जाते. पिक्चरमधलं बेट म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेकडचं खरं लिंडिसफार्न, तिथे जायचा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, आपल्या हाजीअलीचा जातो तसा, आणि अडकलेल्यांसाठी वाटेत खांबांवर एक खोपटं पण बांधून ठेवलंय. स्पाइक आणि त्याचा बाप पहिल्या शिकारीला याच रस्त्याने जातात आणि रात्री परत येताना मागे तो भलामोठा अल्फा, म्हणजे झॉम्बींमधला सगळ्यात ताकदवान, लागतो, पायाखाली पाणी, वर चांदण्यांनी भरलेलं आभाळ. मी म्हटलं अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात सुंदर सीन. तर हा म्हणतो, “सुंदर बिंदर ठीके, पण पाण्यात असं पळता येतं काय? गुडघाभर पाण्यात दोन मिनिटं धावून दाखव मला सारसोळेला.” मग मला तिथेच कागदावर भरतीचं गणित शिकवलं. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, म्हणजे अष्टमीला साधारण सहा, पुनवेला आणि अवसेला बाराच्या सुमारास, आणि त्याच दिवसांत उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी कमी. “बारा वर्षाच्या पोराला पहिल्यांदा बाहेर नेतोयस तर भांगाला ने ना! बाप कसला हा.”

पण त्याला खरी खटकली ती गोष्ट वेगळीच होती. बेटाचा नियम आहे की गेट ओलांडून गेलेला माणूस परत आला नाही तर त्याला शोधायला कोणी जायचं नाही. त्यावर हा एकदम सिरियस झाला. म्हणाला, आमच्याकडे एक होडी वेळेवर आली नाही तर बाकीच्या सगळ्या होड्या निघतात, कोणाशी भांडण असलं तरी, बोलचाल बंद असली तरी, हे कसलं गाव. मी म्हटलं अरे व्हायरस आहे, एकाच्या मागे दहा गेले तर दहा पण मरतील. तर म्हणतो, “समुद्रात पण मरतातच की.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि गंमत बघा, स्पाइक शेवटी तेच करतो, आपल्या माणसासाठी जीव धोक्यात घालतो, आजारी आईला घेऊन डॉक्टर शोधायला बेटाबाहेर निघतोच.

व्हायरसवरून आठवलं. २०२० च्या अनुभवानंतर आपण सगळेच अर्धे डॉक्टर झालोय, त्यामुळे लोक हिशोब लावतात. तर हिशोब असाय की रेज व्हायरस रक्तातून, लाळेतून जातो आणि काही सेकंदात माणूस पिसाळतो. वाटायला भयंकर, पण असा व्हायरस फार लांब जाऊच शकत नाही, ज्याला झालाय तो विमानात बसणार कसा, तिकीट दाखवेपर्यंतच सिक्युरिटीला चावेल. कोविड जगभर गेला तो नेमका उलट कारणाने, माणूस चांगला धडधाकट, ना ताप ना खोकला, ट्रेनमध्ये उभा, ऑफिसला गेला, लग्नाला गेला आणि वाटत सुटला. म्हणून एका बेटाला कुलूप लावून रेज अडवला हे पिक्चरमध्ये पटतं.

आणि आता त्या सेकंड हाफबद्दल, ज्याला सगळे स्लो म्हणतात. आमच्या विंगमध्ये वर एक ताई राहतात, नर्स आहेत, वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये कोविड सेंटर होतं तिथे होत्या. मी घाबरत घाबरतच त्यांना म्हटलं होतं बघा म्हणून, कारण हॉरर त्यांना आवडतो. बघून आल्या आणि आधी खूप हसल्या, राल्फ फाइन्सचा तो डॉक्टर केल्सन, व्हायरसपासून वाचायला अख्ख्या अंगाला आयोडीन फासून केशरी होऊन फिरतो, तर म्हणे “काय गं, अंगभर बीटाडीन लावून फिरतोय तो, वास किती येत असेल!” मग त्या बाळावर बोलल्या. पिसाळलेल्या बाईला निरोगी बाळ होतं हे बहुतेकांना थाप वाटलं, भाच्याने तर तिथेच कपाळाला हात लावला होता. ताई म्हणाल्या थाप काय त्यात, वार, म्हणजे प्लॅसेंटा, असते ना मध्ये, एचआयव्ही असलेल्या आईच्याही प्रत्येक बाळाला होतो असं नाही, आणि औषधं वेळेवर मिळाली तर बहुतेक बाळं निगेटिव्हच निघतात, मी कितीतरी बघितलीत. केल्सनही पिक्चरमध्ये वारेचंच कारण देतो, ते त्यांनी बरोब्बर पकडलं होतं.

मग मी विचारलं, तो हाडांचा मनोरा कसा वाटला. केल्सन काय करतो तर झॉम्बी असो की साधा माणूस, जो मेला त्याला जाळतो, हाडं स्वच्छ करतो आणि रचून ठेवतो, वर्षानुवर्षं एकट्याने. गावातले लोक लांबून धूर बघून म्हणतात डॉक्टर वेडा झालाय. आणि स्पाइकच्या आईला कॅन्सर आहे, पसरलेला, त्याच्याकडे ना स्कॅन ना केमो, तो नुसतं हाताने तपासतो आणि पोराला खरं ते सांगतो. ताई जरा वेळ दुधाच्या पिशवीशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडे बॉडी पॅक व्हायची ना, तेव्हा नातेवाईक कोणी नसायचे. मी दरवेळी टॅगवरचं नाव परत वाचायचे. मोठ्याने. बरोबरच्या मुली हसायच्या आधी, मग त्या पण वाचायला लागल्या.” एवढंच. पुढे मला म्हणाल्या की आईची कवटी घेऊन पोरगा वर चढतो तो सीन लांबवलाय जरा, आणि कुकर लावायला उठल्या.

माझ्या तक्रारी नाहीत असं नाही हां. सुरुवातीला ती कविता आणि जुन्या युद्धांची फुटेज यांची जी खिचडी केलीय ती मला जड गेली. कविता किपलिंगची ‘बूट्स’, १९०३ ची, बोअर युद्धात चालून चालून डोकं फिरलेल्या शिपायाची, आवाज १९१५ च्या रेकॉर्डिंगमधला, ट्रेलरमध्ये ऐकून झोप उडाली होती. पिक्चरमध्ये मात्र बापलेक शिकारीला निघालेत आणि मध्ये मध्ये तिरंदाज आणि सैनिक, मला कळलं की बेटाने कसं जुन्या इंग्लंडच्या शौर्याच्या गोष्टींवर पोरं वाढवलीत वगैरे, पण एकदा दाखवून भागलं असतं. (हा किपलिंग जन्माने आपला मुंबईचाच, जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला, १८६५ चा.) आणि अल्फा लोकांना मुंडकं पाठीच्या कण्यासकट उपटता येतं हे एकदा बघितलं, पुरे.

तरी माझे पाचातले चार. भाच्याचे अडीच, नवऱ्याचे तीन पण तो मर्फीमुळे रुसलाय म्हणून, दिवाळ्याच्या मित्राने मार्क दिले नाहीत, तो म्हणतो आधी त्या बापाला पंचांग द्या. पुढचा भाग ‘द बोन टेम्पल’ याच्या लगोलगच शूट झालेला, डिरेक्टर निया डकॉस्टा, रिलीज जानेवारी २०२६ चं आणि त्यात मर्फी दिसणार असं बॉइलने स्वतः आधीच सांगितलं होतं, त्यामुळे आमच्याकडे एक तिकीट तर तेव्हाच नक्की झालं. भाचा तेव्हा म्हणाला त्या जिमीचं पुढे काय होतं तेवढ्यासाठी येईन, पण मामी, पॉपकॉर्न तुझ्याकडून.