"सर, याचं शेपूट कोठी गेलं?"

आज मधल्या सुट्टीत शाळेच्या कौलांवर वानरांची टोळी उतरली. तिसरीतल्या एका पोराच्या हातातली भाकर गेली, वरून दातही त्यालाच विचकले. त्यानंतर कसलं गणित! मोबाईलवर पोरांना तापानुली ओरांगउटान दाखवला.

"सर, याचं शेपूट कोठी गेलं?"

म्हटलं, हा वानर नाही, कपी, म्हणजे गोरिला-चिंपांझीच्या गोतातला. कपींना शेपूट नसतंच. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या बातांग तोरूच्या जंगलाबाहेर हा कुठंच नाही. उरलेत ८०० पेक्षा कमी. आमच्या गावची मतदार यादी याहून मोठी! रोज संध्याकाळी फांद्या वाकवून झाडावर अंथरूण करतो. (शिळ्या अंथरुणावर नाही, रोज नवं. पोरं यावर बेहद्द खूश.) मादीच्या दोन पिल्लांत आठ-नऊ वर्षांचं अंतर. एक मेलं की ती जागा लवकर भरत नाही. त्यात त्याच जंगलात जलविद्युत प्रकल्प.

ही वेगळी जात असल्याचं जाहीर झालं २०१७ साली. २०१३ मध्ये माणसांनी केलेल्या जखमांनी एक नर मेला, त्याची कवटी त्यात कामी आली. मेल्यावर ओळख पटली बिचाऱ्याची.

मागून एक पोरगी म्हणाली, "त्यानं बी कोणाची तूर खाल्ली असन, सर."

तिचा बाप महिनाभर दिवस दिवस मचाणावर बसून फटाके फोडतोय. मी काय बोलणार? माझ्याच हरभऱ्याच्या दोन ओळी वानरांनी साफ केल्यात, गोफण अजून गाडीच्या डिक्कीत आहे.

शाळा सुटली तेव्हा एक वानरीण कौलावरच होती. पोटाला पिल्लू, हातात भाकरीचा काठ.