थायरॉइडची टेस्ट असेल त्या दिवशी गोळी कधी घ्यायची?

हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते. माझी स्वतःची गोळी बरीच वर्षं चालू आहे, आईची त्याच्याही आधीपासून, आणि आता वहिनीलाही सुरू झालीय, त्यामुळे घरात हा विषय सतत असतोच.

तर उत्तर असं की आधी रक्त द्यायचं, मग गोळी. गोळी डब्यात टाकून लॅबमध्ये न्या, सुई निघाली की पाण्याबरोबर घ्या आणि मग घरी येऊन चहा.

कारण गोळीत लेव्होथायरॉक्सिन असतं, म्हणजे टी4च, थायरॉइड ग्रंथी बनवते तेच हार्मोन. ती पोटात गेली की पुढच्या दोन-चार तासांत रक्तातला फ्री टी4 (म्हणजे रक्तात मोकळा फिरणारा टी4) तात्पुरता वर जातो, साधारण पंधरा-वीस टक्के, आणि नेमकं त्याच वेळात आपण लॅबमध्ये हात पुढे करून बसलेलो असतो. वहिनीचं तेच झालं, साडेपाचला गोळी आणि साडेआठला रक्त. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, गोळी कमी पडली की वाढतं, जास्त झाली की उतरतं) 2.3 म्हणजे छान, पण फ्री टी4च्या पुढे ठळक अक्षरात एच, म्हणजे हाय, जास्त. लगेच मला फोन, "ताई, डोस जास्त झालाय का माझा? उद्यापासून अर्धीच घेऊ का?" मी म्हटलं काही अर्धी-बिर्धी करू नकोस, आधी डॉक्टरांना दाखव. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, गोळी किती वाजता घेतली होती? डोस आहे तोच ठेवला.

टीएसएचला मात्र एका सकाळच्या गोळीने फारसा फरक पडत नाही. तो मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो आणि हळूहळू बदलतो. शिवाय या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे 7 दिवस लागतात, म्हणून डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टेस्ट करायला सांगतात. पंधरा दिवसांत करून "काहीच फरक नाही" म्हणण्यात अर्थ नाही, पैसे वाया आणि डोक्याला ताप.

आमच्या शेजारच्या काकू गावी गेल्या, तिथे गोळ्या संपल्या, महिनाभर तशाच राहिल्या, आल्यावर पुन्हा सुरू केल्या आणि आठवड्याभरात टेस्ट. टीएसएच 11, फ्री टी4 अगदी नॉर्मल. कागद नुसता बघितला तर कोणालाही वाटेल डोस कमी पडतोय, 75 मायक्रोग्रॅमची 100 करूया. काकूंनी खाडा झाल्याचं डॉक्टरांना सांगितलं म्हणून बरं, डोस न बदलता पुन्हा तपासलं तर टीएसएच तीनच्या आसपास आला. सांगायला लाजू नका हो, गोळ्या चुकल्या हे कळलं नाही तर डॉक्टर तरी काय करणार?

वेळेचं अजून एक. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. त्यामुळे एकदा सकाळी आठला आणि एकदा दुपारी चारला रक्त दिलंत तर आकड्यांची तुलना होतच नाही. शक्यतो तीच लॅब, तीच वेळ. उपाशीपोटीच पाहिजे असा सक्तीचा नियम नाही, पण खाल्ल्यावर टीएसएच थोडा कमी येऊ शकतो, मग दर वेळी उपाशी गेलेलं सोयीचं.

आणि बायोटिन, म्हणजे केसांसाठी घेतात ते व्हिटॅमिन! थायरॉइडमुळे केस गळतात, मग केसांच्या गोळ्या नाहीतर गमी चालू होतात, त्यात बरेचदा 5 किंवा 10 मिलिग्रॅम बायोटिन असतं. बऱ्याच मशीनवरच्या तपासणीत ते मधे येतं आणि टीएसएच खोटा कमी, फ्री टी4 खोटा जास्त दिसतो, म्हणजे डोस जास्त झाल्यासारखंच चित्र. किमान दोन दिवस आधी बंद ठेवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचं अंतर पाहिजेच. आईचं कॅल्शियम आम्ही रात्रीच्या जेवणावर ढकललंय.

टीएसएच नॉर्मल म्हणजे साधारण 0.4 ते 4, वय झालेल्यांना थोडा जास्तही चालतो. वजन उतरेल म्हणून मुद्दाम जास्त गोळी घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात, कृपा करून असं करू नका. टीएसएच 0.1च्या खाली राहिला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हाडं झिजतात, विशेषतः पाळी गेल्यावर.

ज्यांची गोळी चालू आहे आणि दिवस गेलेत त्यांनी तर पुढच्या ठरलेल्या टेस्टची वाट बघूच नका, कळलं त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पहिले काही महिने बाळाला थायरॉइडचं हार्मोन आईकडूनच मिळतं, बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो आणि तेव्हा दर महिन्याला तपासतात.