दूरनियंत्रित प्रवासी विमान आणि अर्ध्या सेकंदाची अडचण

रावेर-यावल पट्ट्यात ड्रोनने फवारणी होऊ लागल्यापासून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: बांधावर उभे राहून ड्रोन उडवता येतो, तर जळगावहून सुटणारे प्रवासी विमान जमिनीवरून का चालवता येऊ नये? माझे उत्तर असे, की ते चालवता येते, आणि हे सिद्ध होऊन ४० वर्षे उलटली आहेत.

१ डिसेंबर १९८४ रोजी नासाने आणि अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स हवाई तळावर चार इंजिनांचे बोइंग ७२० विमान, आत एकही माणूस न ठेवता, उडवले आणि ठरवून जमिनीवर आदळवले. अपघातात इंधनाचे तुषार उडून पेट घेऊ नयेत यासाठी इंधनात मिसळायच्या द्रव्याची ती चाचणी होती. आसनांवर पुतळे होते, आणि वैमानिक फिट्झ फुल्टन जमिनीवरच्या कक्षात बसून, पडद्यावरचे चित्र पाहत, विमान हाताळत होते. शेवटच्या क्षणी विमान ठरलेल्या रेषेवरून सरकले, डावा पंख आधी टेकला आणि आगीचा प्रचंड लोळ उठला. ती आग विझायला तासाहून अधिक वेळ लागला.

खरी अडचण विमान आणि जमीन यांना जोडणाऱ्या रेडिओ दुव्याची आहे. शेतातला ड्रोन नजरेच्या टप्प्यात असतो. क्षितिजापलीकडच्या विमानाशी बोलायला मात्र बहुधा उपग्रह लागतो. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी दिसणारा, उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने विमानातले चित्र खाली येऊन आज्ञा परत वर पोहोचेपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद जातो, आणि ताशी २६० किलोमीटर वेगाने उतरणारे विमान तेवढ्यात ३५ मीटर पुढे गेलेले असते. म्हणूनच उपग्रहावरून चालणाऱ्या अनेक लष्करी ड्रोनचे उड्डाण आणि अवतरण तळावरची तुकडी थेट रेडिओवरून सांभाळत आली आहे. ब्रिटनमध्ये २०१३ साली एक जेटस्ट्रीम विमान वॉर्टनहून इन्व्हर्नेसपर्यंत जमिनीवरच्या वैमानिकाने नेले, परंतु उड्डाण आणि अवतरण विमानातल्या वैमानिकांनीच केले.

दुवा तुटला तर काय, हा त्याहून अवघड प्रश्न. केळीच्या बागेवर संपर्क तुटलेला ड्रोन मी जवळून पाहिला आहे: फवारा थांबतो, ड्रोन जागीच तरंगतो, मग उंच उठून निघाल्या जागी परत येतो. प्रवासी विमान हवेत थांबू शकत नाही. त्याला स्वतःच धावपट्टी शोधून उतरता आले पाहिजे. आणि ते एकदा जमले की जमिनीवरून विमान हाताळणाऱ्या नियंत्रण-दांड्याची गरजच उरत नाही. म्हणून मला दूरनियंत्रणापेक्षा ही दुसरी वाट अधिक भरवशाची वाटते. एअरबसने डिसेंबर २०१९ मध्ये तुलूझ येथे कॅमेऱ्यांनी धावपट्टी ओळखून ए३५० विमानाचे स्वयंचलित उड्डाण करून दाखवले, आणि २०२० मध्ये लहान विमानांसाठी गार्मिन कंपनीच्या यंत्रणेला मान्यता मिळाली, जी वैमानिक बेशुद्ध पडल्यास एका बटणावर जवळचा विमानतळ निवडते, रेडिओवरून सूचना देते आणि विमान उतरवते.

अपहरण झाल्यास कॉकपिटमधले नियंत्रण तोडणाऱ्या यंत्रणेचे पेटंट बोइंगला २००६ साली मिळाले. जर्मनविंग्ज या विमान कंपनीच्या सहवैमानिकाने २०१५ साली विमान आल्प्समध्ये आदळवले आणि १५० जण गेले, तेव्हा ही कल्पना कुणालाही पटावी. तरीही बाहेरून विमानाचा ताबा घेण्याची सोय एकदा केली, की ती किल्ली हजारो विमानांसाठी, रात्रंदिवस, भामट्यांपासून जपावी लागेल. त्यापेक्षा जमिनीवरून फक्त ‘अमुक धावपट्टीवर उतर’ एवढाच आदेश देता यावा आणि उतरण्याचे काम विमानाने स्वतः करावे, इतपत सोय मला मान्य आहे.