गुर्नांची कादंबरी घणसोलीत वाचताना

अब्दुलरझाक गुर्ना यांना २०२१ साली नोबेल मिळालं, तेव्हा त्यांची ओळख सगळीकडे निर्वासितांचा लेखक अशीच करून दिली गेली. त्यांची २००१ ची ‘बाय द सी’ मी तीच ओळख मनात धरून वाचायला घेतली. म्हातारा सालेह ओमर दुसऱ्याच माणसाच्या नावाच्या पासपोर्टवर गॅटविकला उतरतो. इंग्रजी येत असूनही येत नाही असं दाखवतो. तिथला अधिकारी त्याची उदाची पेटी काढून घेतो. या प्रसंगाबद्दल बरंच बोललं जातं.

मला धरून ठेवलं ते त्यामागच्या गोष्टीने. झांझिबारमधलं एक घर, त्यावर काढलेलं कर्ज, आणि निव्वळ कागदाच्या जोरावर ते घर सालेहच्या ताब्यात येणं. सामानात एक छोटं आबनुसी टेबल असतं. आईच्या सांगण्यावरून त्या घरातला लतीफ नावाचा पोरगा ते मागायला येतो आणि हात हलवत परत जातो. पुढे तो पूर्व जर्मनीमार्गे इंग्लंडला पोचतो, पण तो दिवस काही त्याला सोडत नाही. देश सुटायच्या कितीतरी आधी या माणसांचं घर सुटलेलं असतं. वसाहतोत्तर कादंबऱ्यांवर बोलताना आपण विमानतळावर फार रेंगाळतो, या घरापर्यंत जातच नाही.

मी आगरी, नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणातली. आमच्यातलं कुणी कुठे गेलं नाही. १९७० पासून नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये याच जमिनींसाठी उरणजवळच्या जासईत झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जणांचा बळी गेला. साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना त्यानंतरची. बाबांच्या ट्रंकेत जुना सातबारा आहे, घडीवर विरलेला. खातेदार म्हणून आज्याचं नाव, पिकाच्या रकान्यात भात. त्या जागेवरच्या सोसायटीच्या गेटवर आज बाबांना वहीत नाव लिहून आत जावं लागतं.

यावर आगरी बोलीत कादंबरी यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. पण तिच्यात एकटी आमची बाजू नको. गुर्ना शेवटी लतीफला सालेहच्या समोर बसवतात, आणि लहानपणापासून मनात धरलेल्या गोष्टीची दुसरी बाजू त्याला ऐकावी लागते. आमच्या शेजारी साताऱ्याकडून आलेली माथाडी कुटुंबं राहतात. त्यांनीही मागे शेत आणि घर सोडलंय. त्या कादंबरीत बाबांच्या समोर त्यांच्यातला कुणीतरी बसलेला हवा.